देहभान कुणी हरपायचे?

(द्वितीय वर्ष, कला)

कलावंताची सर्वांत मोठी स्तुती कोणती, असे कुणी विचारले तर आपण बिनदिक्कत सांगतो, 'तो देहभान हरपून गातो', 'ती देहभान विसरून नाचते'. कीर्तनकारापासून मैफलीतल्या गवयापर्यंत सर्वांना ही एकच मोजपट्टी लावण्याची आपली रीत आहे. देह म्हणजे जणू कलेच्या वाटेतला धोंडा. तो बाजूला सारला की खरी कला प्रकटते! या समजुतीला माझा विरोध आहे. निदान तो देह आजारी असेल, थकलेला असेल, अवघडलेला असेल, तेव्हा तरी ही स्तुती फार जपून करावी असे मला वाटते. कारण देहभान हरपायला आपण सांगतो ते नेहमी दुसऱ्याला. आपण स्वतः खुर्चीवर बसलेले असतो.

तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची कथा ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. पंढरपूरला १९३५ साली जन्म, भाऊ-बापूंच्या फडात लहानपणीच पायांत घुंगरू, १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपती पारितोषिके, आणि १५ जानेवारी २००२ रोजी मृत्यू. एवढ्या मोठ्या आयुष्यातून आपण उचलतो तो मात्र एकच प्रसंग. दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. व्याख्यानांत, निबंधांत, महिला दिनाच्या फलकांवर हा प्रसंग 'कलेवरील निष्ठा' या मथळ्याखाली येतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि काटा आला की विचार थांबतो.

पण या कथेला एक शेपूट आहे आणि ते बहुतेक वक्ते गाळतात. विठाबाई परत आल्या तेव्हा समोरच्या मंडळींच्या ध्यानात आले की मघाचे पोट आता दिसत नाही. त्यांनी चौकशी केली. काय झाले ते कळल्यावर त्या प्रेक्षकांनीच खेळ थांबवला आणि 'बाई, आता विसावा घ्या' म्हणून त्यांना मानाने आत पाठवले, असे सांगतात. म्हणजे पाहा, जत्रेला जमलेले ते लोक, ज्यांना आपण 'पिटातला प्रेक्षक' म्हणून हिणवतो, त्यांना खेळ कुठे थांबवावा हे कळत होते. आपण सुशिक्षित मंडळी मात्र तोच खेळ गेली कित्येक वर्षे भाषणांतून पुढे चालूच ठेवला आहे. आपल्या कथनात विठाबाईंना विसावा नाही. त्या दर वर्षी नव्याने बाळंत होतात आणि दर वर्षी नव्याने उभ्या राहतात.

निष्ठा होती, यात मला शंका नाही. त्यांच्याविषयी जे ऐकले-वाचले त्यावरून ती बाई लाखात एक होती. परंतु निष्ठा हा शब्द उच्चारला की बाकीचे हिशेब झाकले जातात, म्हणून ते हिशेब थोडे उघडावेत. तमाशाचा फड म्हणजे पाच-पन्नास, कधी शंभराच्या वर माणसांचे फिरते गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी आपल्या यात्रेसाठी तमाशा ठरवायला तिथे येतात. सुपारी ठरते ती मुख्य नाव पाहून. ते नाव बोर्डावर उभे राहिले नाही तर गाव पैसे कापणार, प्रसंगी दगडफेक करणार. कलाकारांनी आधीच उचल घेतलेली. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबू ठोकणारे, स्वयंपाक करणारी म्हातारी, या सर्वांची चूल एका बाईच्या पायांवर पेटते. अशा वेळी त्या बाईने 'मला बरे नाही' म्हणायचे तरी कुणाला?

आणखी एक गोष्ट मला या निमित्ताने कळली, ती ऐकून आपणही चकित व्हाल. आपल्या देशात १९६१ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला तेव्हा तो कारखाने, खाणी आणि मळे यांपुरता होता. १९७३ साली दुरुस्ती झाली आणि घोड्यांच्या कसरती, शारीरिक कसरती व 'इतर खेळ' दाखवणाऱ्या आस्थापनांतल्या बायकाही त्यात आल्या. म्हणजे नाचण्या-खेळण्यावर पोट असणाऱ्या बाईलाही बाळंतपणाची पगारी रजा असावी, हे सरकारला सुचले होते तर! २०१७ साली ही रजा २६ आठवड्यांची झाली. फडातल्या किती जणींना त्यातला एक आठवडा तरी मिळाला असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. विठाबाईंच्या नावाने राज्य शासनाने २००६ साली जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, चांगले केले. पण त्यांच्या अखेरच्या आजारपणात दवाखान्याचे बिल देणगीदारांच्या पैशातून भरावे लागले होते, हेही त्या पुरस्काराच्या दिवशी कुणीतरी सांगायला हवे.

यावर कुणी बालगंधर्वांचा दाखला देईल. 'मानापमान'चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी झाला. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली होती, आणि तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. हीदेखील आपली आवडती कथा. पण प्रयोग पुढे ढकलावा असे इतरांनी सुचवले असता नको म्हणाले ते स्वतः नारायणरावच, असे सांगतात. त्यांच्यापुढे 'हो' आणि 'नाही' अशी दोन दारे होती. त्यांतले एक त्यांनी निवडले, ते योग्य की अयोग्य हे ठरवणारी मी कोण? मला एवढेच म्हणायचे आहे की जिथे दोन दारे असतात तिथल्या त्यागाला त्याग म्हणावे. जिथे एकच दार आहे तिथे दुसरा शब्द शोधावा.

हे सारे जुने झाले असे म्हणून सुटका होत नाही. गेल्या वर्षी एका स्पर्धेत लोकनृत्याच्या संचातली एक मुलगी अंगात १०२ ताप असताना नाचली. संचात बारा जणी होत्या, तेराव्या कुणाला नाच बसवलेलाच नव्हता. नाच संपला आणि ती विंगेत खाली बसली ती उठेना. निवेदकांनी ही बातमी ध्वनिक्षेपकावरून सांगितली. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनीही निकाल देताना 'अशा जिद्दीला सलाम' असे उद्गार काढले. तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेणाऱ्या आम्ही तिघी होतो, त्यामुळे पुढचे टाळीचे प्रसंग आमच्या वाट्याला आले नाहीत. (महिन्याच्या त्या दिवसांत पोट आवळून तालीम करणाऱ्या मुलींविषयी तर कुणी ध्वनिक्षेपकावर बोलतही नाही, आणि एका अर्थी तेच बरे.)

आमच्या नावड्यात तापात कामाला जाणे ही काही टाळ्यांची गोष्ट मानली जात नाही. माझी आई तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला ठेकेदाराकडून जाते. खाडा झाला की त्या दिवसाची हजेरी गेली. अंगात कणकण असली तरी ती गोळी घेऊन पाळीवर हजर होते. कंपनीच्या फाटकावर तिच्या जिद्दीला सलाम करायला कुणी उभे नसते. असावे असेही तिला वाटत नाही. तिला भरपगारी रजा हवी आहे. मग तीच गोष्ट रंगमंचावर घडली की तिला एकदम तेजोवलय कुठून येते, हा माझा सरळ प्रश्न आहे. नाचणे हेही अंगमेहनतीचे काम आहे. पायांत काही किलोंचे घुंगरू बांधून रात्रभर नाचणारीच्या गुडघ्यांना विचारा.

दुसऱ्यासाठी आपला देह झिजवण्याची ही नेमणूक कोणाकडे असते, हेही पाहण्यासारखे आहे. मरीआईचा पोतराज आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिला असेल; आता तो क्वचितच दिसतो. मोकळे केस, कमरेला चिंध्यांचा घागरा, पायांत घुंगरू, बायकोच्या डोक्यावर देवीचा देव्हारा, आणि हातात आसूड. मरीआई ही पटकीची, साथीच्या रोगांची देवी. गावावर रोग येऊ नये म्हणून पोतराज स्वतःच्या अंगावर फटके ओढतो, गाव सूप पुढे करतो. आजार आणि देह यांचा याहून उघड 'प्रयोग' जगात दुसरा असेल का? रोग साऱ्या गावाचा, पाठ एका माणसाची! आणि ती पाठ बहुधा मांगाची किंवा महाराची. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवून दिला, रोग पाण्यातून येतो हे जगाला कळले, तरी आसूड वाजतच राहिला. तो पुष्कळ ठिकाणी थांबला तो आंबेडकरी चळवळीमुळे. केस कापा, घागरा फेकून द्या, हे काम आपले नव्हे, असे त्या लोकांनी एकमेकांना सांगितले. लोककला लोप पावत असल्याचे दुःख करणाऱ्यांनी हा लोपही एकदा नीट पाहावा. विठाबाईंच्या नावात 'मांग' हा शब्द आहे, तो आपण वाचून पुढे जातो.

इतके लिहून झाल्यावर कुणी म्हणेल, मग आजारी देह रंगमंचावर येऊच नये काय? यावे, जरूर यावे! उलट माझी तक्रार ही आहे की तो येतच नाही. तो लपवला जातो. ताप पावडरीखाली जातो, पोट नऊवारीच्या काष्ट्यात जाते, आणि लपवण्यात यश आले की आपण टाळ्या देतो. आजार उघड उघड घेऊन पुढे येणारी कलाही आहे, आणि ती परदेशातच आहे असे नाही. आपल्या मुंबईत रुम्माना हुसेन नावाच्या चित्रकार होत्या. जन्म १९५२चा. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पडली, त्यापाठोपाठ मुंबई पेटली, आणि या बाईंना कॅनव्हासवर रंग लावत बसणे अपुरे वाटू लागले. चित्रकाराने चित्राऐवजी स्वतःचा देहच लोकांपुढे ठेवायचा, अशी जी कला आहे (तिला 'परफॉर्मन्स आर्ट' म्हणतात, आपण तूर्त देहप्रयोग म्हणू), तिच्याकडे त्या वळल्या. १९९५ साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीएच्या आवारात त्या पायांत घुंगरू बांधून चालल्या. हातात मधोमध चिरलेली पपई, तोंड किंकाळी फोडल्यासारखे उघडे, आणि आवाज मात्र अजिबात नाही.

मी हे फक्त छायाचित्रांत पाहिले आहे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा खरे सांगायचे तर हसू येईल की काय असे वाटले. पपई घेऊन चालणे ही कसली कला? पण ते उघडे तोंड डोळ्यांपुढून हलेना. घुंगरू म्हटले की नाच, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसलेले असते की घुंगरू घालून नुसती चालणारी, कुणालाही न रिझवणारी बाई पाहिली की आपणच गडबडून जातो.

पुढे रुम्मानांना स्तनाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली. १९९८ सालच्या एका प्रयोगात त्या आपल्या त्या कापलेल्या देहासह लोकांसमोर बसल्या आणि त्यांनी कागदावरून मुस्लिम स्त्रीविषयीचे प्रश्न मोठ्याने वाचले. उत्तरे दिली नाहीत. तुम्हाला वाटते तेच हे आहे का, अशा अर्थाचे त्या प्रयोगाचे नाव होते. बघणाऱ्याला तिथे दया दाखवून मोकळे होता येत नाही आणि जिद्दीला सलामही करता येत नाही. बाई तुमच्याकडे पाहते आहे आणि तुम्हालाच विचारते आहे. १९९९ साली, वयाच्या सत्तेचाळिशीच्या आसपास, त्या गेल्या. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या प्रदर्शनात त्यांची शेवटची मोठी मांडणी होती. तिच्या नावातच बरे होण्यासाठीच्या जागेचा उल्लेख आहे.

विठाबाई आणि रुम्माना या दोघींना एका ओळीत बसवणे काहींना खटकेल. एक जत्रेतली, एक कलादालनातली. एकीला सुपारीची चिंता, दुसरीला ती नव्हती. मान्य आहे. किंबहुना तोच तर मुद्दा आहे! आपले दुखणे दाखवायचे की झाकायचे, हे ठरवण्याची मोकळीक रुम्मानांना होती आणि त्यांनी ती शेवटच्या श्वासापर्यंत वापरली. विठाबाईंना ती असती तर त्यांनी काय केले असते? कदाचित त्या घरी निजल्या असत्या. कदाचित पोटावर हात ठेवून बोर्डावर आल्या असत्या आणि अशी लावणी म्हटली असती की ऐकणाऱ्यांना पुन्हा कधी त्या डोळ्याने नाचणारीकडे पाहता आले नसते. अशी लावणी मराठीला मिळाली नाही.

अमेरिकेत बॉब फ्लॅनगन नावाचा एक कवी होता. जन्मापासून फुफ्फुसांचा दुर्धर रोग. लहानपणीच मरेल असे डॉक्टरांनी सांगितलेले. १९९२ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या कलासंग्रहालयात दवाखान्याची खोली उभारली आणि तिथल्या खाटेवर तो स्वतः पडून राहिला. आलेल्या माणसाने जवळ बसावे, गप्पा माराव्यात. त्याचे बाकीचे प्रयोग मला सोसवत नाहीत आणि त्यांविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. परंतु ही खाटेची कल्पना मला फार आवडली. आमच्याकडे खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोगाचे मोठे इस्पितळ आहे, नावड्याहून काही किलोमीटरवर. बिहार, बंगालपासून माणसे येतात. तोंडाला मास्क, डोक्यावर केस नाहीत, हातात एक्स-रेची पिशवी. सहा आसनी रिक्षात ती शेजारी येऊन बसली की आपण खिडकीबाहेर पाहू लागतो. फ्लॅनगनने काय केले असेल तर हे खिडकीबाहेर पाहणे बंद केले.

प्रेक्षकाची जबाबदारी म्हणतात ती हीच. १९७४ साली इटलीतल्या नेपल्स शहरात मरिना अब्रामोविच ही कलावंत सहा तास निश्चल उभी राहिली. समोर मेजावर ७२ वस्तू: गुलाब, मध, कात्री, एक पिस्तूल आणि एक गोळीसुद्धा. यांतले काहीही माझ्यावर वापरा, जबाबदारी माझी, असे तिने सांगून ठेवले होते. पहिल्यांदा लोक बुजले. मग त्यांनी तिचे कपडे कापले, काटे टोचले, अखेर एकाने पिस्तूल तिच्या मानेशी नेले तेव्हा बाकीच्यांनी ते हिसकावले. कलादालनात जाणाऱ्या, सुसंस्कृत म्हणवणाऱ्या युरोपीय रसिकांना थांबायला इतका वेळ लागला. आपल्या जत्रेतल्या मुंडासेवाल्यांनी लगेच थांबवले. लोककलेचा अभिमानच बाळगायचा तर मी या गोष्टीचा बाळगेन.

हे सर्व मी एका प्राध्यापकांशी बोलले तेव्हा ते म्हणाले, 'तुझे म्हणणे हिशेबी आहे. कला हिशेबाने होत नाही. वारकरी पाय पोळत चालतो तेव्हा रजेचा अर्ज करतो काय?' सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन की वारकरी स्वतःच्या पायांनी स्वतःच्या विठ्ठलाकडे जातो. त्याच्या पोळलेल्या पायांवर कुणी तिकीट लावत नाही, आणि तो मध्येच बसला तर दिंडीतली माणसे पाणी घेऊन येतात, दगड मारीत नाहीत. शिवाय गाणाऱ्याचे देहभान हरपते म्हणतात तेव्हा त्याचा श्वास, त्याचा गळा, त्याचे पोट विलक्षण जागे असते; तालमीला बसलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. देहाचे भान गेलेली माणसे गात नाहीत, ती विंगेत खाली बसतात.

या वर्षीचा युवा महोत्सव जवळ येत आहे. संचातल्या प्रत्येक भूमिकेला एक जोडीदार तयार ठेवावा, कुणाला बरे नसेल तर न विचारता दुसरीने उभे राहावे, आणि कुणाचाही आजार ध्वनिक्षेपकावरून सांगितला जाऊ नये, अशा तीन सूचना मी सांस्कृतिक मंडळाच्या वहीत लिहून दिल्या आहेत. खर्च आम्ही काढून पाहिला. दोन जास्तीच्या नऊवारी भाड्याने, घुंगरांचा एक जोड, आणि तालमीला येणाऱ्या दोघींचा पनवेलपर्यंतचा रिक्षाचा खर्च, एवढाच होतो.